एइनो सालोची बर्फवही

हिल्मा सालोच्या पत्राला एमरी क्विंबीने उत्तर दिलं नव्हतं. पत्र ऑक्टोबरात आलं होतं, मोसमाच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने, सुतळीने बांधलेल्या पुडक्याबरोबर. आता मार्च लागला होता. पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली होतं. साखर घ्यायला डबा उचलावा लागे आणि डबा उचलला की पत्र दिसे, म्हणून एमरी हिवाळाभर बिनसाखरेची कॉफी पीत होता.

पत्र काही अवघड नव्हतं.

'मिस्टर क्विंबी, तुम्हाला मी आठवत नसेन. मी एइनो सालोची धाकटी मुलगी. बाबांची ही वही माझ्या ट्रंकेत पडून होती. त्यांचं अक्षर मला कधीच लागलं नाही, आणि आता डोळेही गेल्यात जमा आहेत. हे पत्रसुद्धा भाचा लिहून देतोय. बेटाच्या शंभरीला वही सभागृहात काचेखाली ठेवायची म्हणून मंडळी माझ्या मागे लागलीत. तुम्ही जन्म पुस्तकांत काढलात. ती वाचा आणि मला एवढंच कळवा: हिच्यात असं काही आहे का, की लोक माझ्या बाबांना हसतील? असेल तर मी ती चुलीत घालीन. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका.'

दुसऱ्या कुणी दोन ओळींत उत्तर देऊन टाकलं असतं. एमरीने त्या दोन ओळी कितीदा तरी लिहिल्या होत्या आणि कितीदा तरी शेगडीत टाकल्या होत्या.

टॅमरॅक बेटावर एइनो सालोचं नाव माहीत नाही असं कुणी नव्हतं. सरोवर गोठलं आणि बोट बंद झाली की बेटाला पलीकडच्या हॅलम गावाशी जोडणारी एकच गोष्ट उरते, बर्फ. त्या बर्फावरून पहिला जातो तो वाटाड्या. हातातल्या पहारीने ठोकत, कान देत तो जातो आणि मागे झाडं रोवत येतो. नाताळ उरकला की घराघरातली सजवलेली झाडं किनाऱ्यावर येऊन पडतात, तीच ही झाडं. त्यांच्या ओळीवरून मग माणसं जातात, शाळेची मुलं जातात, आणि बर्फ जाड झाला की मोटारीही जातात, वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून दारं उघडी ठेवून. एइनोने हे काम म्हातारा होईपर्यंत केलं, आणि त्याच्या वाटेवर एकही माणूस बुडाला नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली होती ती वेगळीच गोष्ट. किनाऱ्यावरून बघणाऱ्यांना तो मधेच थांबलेला दिसायचा. खाली अथांग पाणी, वर हातभरसुद्धा नाही असा बर्फ, आणि हा गडी तिथे उभा, अंगणात उन्हाला उभा राहावा तसा. एमरीने लहानपणी त्याला खिडकीतून पाहिलं होतं. 'बघ,' त्याची आई म्हणायची, 'हवा खातोय! नाहीतर तू.' अजूनही बेटावरचं पोर सुईला घाबरलं की आई म्हणते, एइनोसारखा उभा राहा.

एमरीला तसं उभं राहणं कधी जमलं नाही. बेटावरच्या एका खोलीच्या ग्रंथालयात त्याने चाळीस वर्षं काढली, आणि त्यातही एकदा आग लागली म्हणून घंटा वाजवून सगळ्या बेटाला गोळा केलं. ती किटलीची वाफ निघाली. बेट ते विसरलं नव्हतं.

वही त्याने उघडली तेव्हा मात्र त्याला फार आनंद झाला होता. काळ्या मेणकापडी बांधणीचा पुठ्ठा, रॉकेलचा आणि माशांचा वास, पेन्सिलीचं अक्षर. शाई बर्फावर गोठते, म्हणून पेन्सिल, हे त्याच्या सहज लक्षात आलं आणि तेवढ्यानेही तो खूश झाला. एइनो वारा शब्दांत लिहीत नसे, बाण काढी. बर्फाची जाडी बोटांत मोजी. भेगा जशा दिसल्या तशा काढलेल्या होत्या, हातावरच्या शिरांसारख्या. एमरीने कोरे कागद घेऊन स्वच्छ अक्षरात नक्कल करायला सुरुवात केली. आयुष्यात प्रथमच आपल्या हाती असं काहीतरी आलंय, जे छापलेलं नाही आणि जे दुसऱ्या कुणीही अजून वाचलेलं नाही, या विचाराने त्याचे कान गरम झाले होते.

मग ते शब्द सुरू झाले.

'चार बोटं. भ्यालो.' 'उथळाजवळ भ्यालो. परतताना तिथेच भ्यालो.' 'सगळं ठीक. तरी भ्यालो.' पानामागून पान. हिवाळ्यामागून हिवाळा. जिथे भीती होती तिथे अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होई, आणि वाक्यं मधेच तुटत. एके ठिकाणी होतं: 'पाणी वर आलं. पाय हलले नाहीत. पायांचे उपका', आणि पुढे काहीच नाही, नुसती खाली घसरलेली रेघ. कमी शिकलेला माणूस, एमरीने मनाशी म्हटलं होतं, वाक्य पुरं करायचा कंटाळा. पण मग त्याने नक्कल करायचं थांबवलं.

काय लिहायचं हिल्माला? होय, लोक हसतील. तुमचे बाबा आमच्या सगळ्यांपेक्षा भित्रे होते? ते लिहिलं की वही चुलीत. नाही, काही नाही हसण्यासारखं? ते खोटं. आणि त्याहून वाईट शंका वेगळीच होती. आपण स्वतः भित्रे, म्हणून आपल्याला सगळीकडे भीतीच दिसत नसेल कशावरून? ज्याला किटलीत आग दिसली, त्याच्या वाचनावर कोण विश्वास ठेवील? त्याचाच नव्हता.

शिवाय वाचून वाचून ती भीती त्याच्या घरात येऊन राहिली होती. मार्चमध्ये बर्फ बोलू लागतो. भर दुपारी सरोवरातून लांबलचक कण्हल्यासारखा आवाज येई, मग तोफ उडावी तसा एक धक्का, आणि कपाटातल्या बश्या वाजत. तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसे.

अशाच एका दुपारी डार्ला कोस्की दार न ठोठावता आत आली. डार्ला म्हणजे सध्याची वाटाड्या. चाळिशीतली, रुंद खांद्यांची, बूट दारातच आपटणारी. तीच टपालाचं पोतं पलीकडे नेत असे.

"मिस्टर क्विंबी, जिवंत आहात ना? हिल्मा सालोचा दुकानात फोन आला होता. म्हणाली, त्या ग्रंथपालाला विचार, तो मेलाय की लिहायला विसरलाय."

"मी लिहिणारच होतो."

"तसंच सांगितलं मी. म्हटलं, बाई, मी पुस्तक दोन दिवस उशिरा आणलं तर हाच माणूस चष्म्यावरून असा बघायचा की मला घाम फुटायचा. तर म्हणते, मग आता त्याला फुटू दे."

एमरीला खरोखरच फुटला होता. "अजून काय म्हणाली?"

"कसली तरी वही आहे म्हणे, ती परत पाठवा. उद्याच्याच टपालात. म्हणाली, उत्तर येत नाही, त्या अर्थी उत्तर काय ते मला कळलं. वही आली की चुलीत." डार्लाने टेबलावरच्या पुडक्याकडे पाहिलं. "काय आहे हो त्यात? कुणाची प्रेमपत्रं?"

एमरी खाली बसला. आपण काहीच कळवलं नाही म्हणजे काहीच केलं नाही, असं तो हिवाळाभर समजत होता. पण काहीच न कळवता त्याने 'होय, हसतील' असं कळवून टाकलं होतं.

"उद्या तू जाणार?"

"उद्या शेवटची खेप, पायी. गाड्या मी सोमवारीच बंद केल्या. त्यानंतर बोट सुरू होईपर्यंत तुम्ही आणि तुमची कॉफी."

"मी येऊ?"

"कुठे?"

"पलीकडे."

डार्ला हसली. मग तो हसत नाही हे पाहून थांबली. "तुमचं वय काय, मिस्टर क्विंबी?"

"त्याचा काय संबंध?"

"तसा नाही. विचारायचं होतं वजन, पण ते बरं दिसत नाही." तिने त्याला नखशिखान्त पाहिलं. "पोत्यापेक्षा हलके असाल. या. पण वाटेत परत फिरायचं म्हणालात तर मी उचलून नेणार नाही."

ती गेल्यावर आपण हे काय बोलून बसलो, असं एमरीला झालं. तिच्या मागे धावत जाऊन नाही म्हणावं म्हणून तो दारापर्यंत गेलासुद्धा. पण होय आणि नाही ही दोन्ही उत्तरं तशीच अडलेली होती आणि दोन्ही खोलीत बसून शोधलेली होती. एइनो जिथे भ्याला तिथे तो कधी उभाच राहिला नव्हता.

सकाळी डार्लाने त्याच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. त्याच्या हातात एक लांब दांडा आडवा दिला. "खाली गेलात तर हा वर अडकेल. सोडायचा नाही. एक कान उघडा ठेवा. आणि बोलायचं नाही, मला ऐकू येत नाही."

एमरीच्या कोटाच्या आतल्या खिशात वही होती, पत्ता घातलेला रिकामा लिफाफा होता, आणि पेन्सिल.

पहिल्या झाडापर्यंत तो चालला कसा ते त्यालाच कळलं नाही. डार्ला पुढे दोराएवढ्या अंतरावर, पहार आपटत. ठण्. ठण्. मधेच ठप्प, मग ती वळसा घेई. झाडं आता हिरवी राहिली नव्हती. कुठे फांदीला चंदेरी झिरमिळ्या अजून चिकटलेल्या, आणि बुंध्याभोवती पाण्याचं काळं कडं. काही ठिकाणी बर्फ दुधासारखा पांढरा, तो बरा वाटे. काही ठिकाणी काळा आणि स्वच्छ, आणि त्यात खाली खोल जाणारी भेग दिसे, काचेच्या जाड तुकड्यातली असावी तशी. तिच्याकडे बघू नये हे माहीत असून तो तिच्याकडेच बघत होता. तोंडाला तांब्याची चव आली होती. मागे वळून पाहिलं तर बेट लहान झालं होतं, पुढे हॅलम मोठं झालं नव्हतं.

उथळाच्या, म्हणजे सरोवराचा तळ वर येतो त्या भागाच्या, बाजूला आले तेव्हा पायाखालून काहीतरी लांबवर सरकत गेलं, गाडी पुलावरून जावी तसं, आणि बुटांभोवती पाणी आलं. घोट्याच्या खाली, पण पाणी.

"कालचं वितळलेलं आहे," डार्ला मागे न बघता ओरडली. "चला."

एमरी चालला नाही. त्याने ठरवून काही केलं नाही. त्याने पायांना सांगितलं आणि पायांनी ऐकलं नाही. दोर ताणला गेला.

"मिस्टर क्विंबी!"

"पाय हलत नाहीत."

"हलतात. चला. इथे थांबायचं नसतं."

"डार्ला, मला भीती वाटते."

"अहो, किटली आहे ती! पुढे पांढरा दिसतोय ना चांगला? चला म्हणते ना!" संतापाने तिने पुढच्या पांढऱ्या बर्फावर पहार आपटली.

आवाजच आला नाही. पहार आत गेली, तिची मूठ गेली, हात कोपरापर्यंत गेला, आणि ती गुडघ्यांवर आदळली. एमरी मागच्या मागे रेलला. दोर त्याच्या कमरेत रुतला. त्याचे पाय तेव्हाही हलले नाहीत. डार्लाने हात बाहेर काढला. पहार अजून मुठीत होती. वरचा पांढरा थर ओल्या पिठासारखा तुटून तरंगत होता आणि खाली काळं पाणी होतं.



"हलू नका," ती हळूच म्हणाली.

"तेच करतोय."

ती गुडघ्यांवर मागे सरकली आणि वीतभर, वीतभर करत चहूबाजूंनी ठोकू लागली. ठप्प. ठप्प. ठण्. तिला वाट शोधायची होती आणि एमरीला नुसतं उभं राहायचं होतं. पाणी बुटांत झिरपत होतं. तोंडाशी वाफ येत होती आणि छातीत इतक्या जोराने ठोके पडत होते, की ते बर्फाला ऐकू जातील असं त्याला वाटलं. आपण इथून परत गेलो नाही तर हिल्माला काय कळणार, कुणाकडून कळणार? त्याने दांडा काखेत धरला, दातांनी हातमोजा ओढला, लिफाफा काढला आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागला. दुसऱ्याच्या वहीत लिहिण्याचं त्याच्या मनातही आलं नाही. 'हिल्माबाई, मी आत्ता उथळापा'

पायाखाली तोफ उडाली. पेन्सिल कागदावरून खाली घसरत गेली.

बर्फ स्थिर झाला. एमरीने हातातल्या लिफाफ्याकडे पाहिलं. तुटलेला शब्द. मोठं, वेडंवाकडं अक्षर. खाली घसरलेली रेघ. हे अक्षर त्याने पाहिलं होतं; हिवाळाभर पाहिलं होतं.

एइनो घरी जाऊन, चुलीपाशी बसून लिहीत नव्हता. तो इथे लिहीत होता. हातमोजा काढून, पाण्यात उभं राहून, ज्या जागी भ्याला त्याच जागी, म्हणजे उद्या ती जागा सापडेल. आणि किनाऱ्यावरून सगळं गाव बघत होतं, आणि म्हणत होतं, बघ, हवा खातोय.

"इकडे," डार्ला म्हणाली. "माझ्या गुडघ्यांच्या खुणांवर पाय ठेवा. आता तरी हलतील का ते?"

हलले. कसे ते माहीत नाही.

मोठा वळसा घेऊन ते जाड बर्फावर आले. डार्लाने मागे जाऊन जवळचं झाड उपटलं आणि वाटेत आडवं टाकलं. ही जागा बंद, परतताना वळशानेच यायचं, असा त्याचा अर्थ. मग ती टपालाच्या पोत्यावर बसली. तिची ओली बाही कडक व्हायला लागली होती.

"तुम्हाला कळलं कसं?"

"काही कळलं नाही. भ्यालो, एवढंच."

ती पहारीच्या टोकाने बर्फ उकरत राहिली. "मीही भिते," ती म्हणाली. "रोज. निघण्याआधी गोठ्यामागे जाऊन ओकते. हे कुठे बोलाल तर बघा. मी भिते म्हटलं, तर या वाटेने कोण आपलं पोर शाळेला पाठवेल? एइनो सालोची जागा आहे ही. तो मध्यावर उभा राहून हवा खायचा. मी त्या जागेवरून पळते, मिस्टर क्विंबी. मगाशीही पळतच होते."

दुसऱ्या कुणाला दाखवू नका, असं पत्रात होतं. एमरीने क्षणभर विचार केला आणि वही काढली. बोटं कामातून गेली होती, तरी पान सापडलं.

"पाणी वर आलं," त्याने वाचलं. "पाय हलले नाहीत. पायांचे उपका."

"उपका काय?"

"पुढे नाही. तिथेच तुटलंय."

"कुणाचं आहे हे?"

"एइनोचं. त्याच जागचं. उभा राहिलेला दिसायचा ना, तेव्हा हे लिहीत असायचा."

डार्लाने मागे पाहिलं, आडव्या झाडाकडे. "पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. मग तिने विचारलं नव्हतं तरी मागचं पान वाचलं, आणि त्याच्या मागचं.

"सगळं असंच आहे?"

"सगळं."

"आणि ही बाई ते चुलीत घालणार!" डार्ला उठली. "उठा. टपालघर बाराला बंद होतं."

हॅलमच्या टपालघरात शेगडी धगधगत होती. एमरीने मोजे काढले नाहीत, कोट काढला नाही. खिडकीपाशी उभा राहूनच लिहायला लागला. पहिली ओळ खोडली. दुसरी खोडणार होता, पण डार्ला शेजारी उभी होती.

'हिल्माबाई, उत्तराला उशीर झाला. माझ्या गप्प राहण्याचा तुम्ही लावलात तो अर्थ नव्हता; मी घाबरलो होतो, एवढंच. तुम्ही विचारलंत, लोक हसतील का. काही जण हसतील. तुमचे बाबा रोज भ्यायचे आणि रोज तसं लिहायचे, जिथे भ्याले तिथे उभं राहून. आम्ही किनाऱ्यावरून बघत होतो आणि भलतंच समजलो. वाक्यं तुटलेली आहेत. तो मला अडाणीपणा वाटला होता. आज मी त्याच जागी उभा होतो आणि माझंही वाक्य तुटलं. माझं वाचन चुकत असेल, नेहमी चुकतं. पण आज माझ्याबरोबर सध्याची वाटाड्या होती, आणि तिने तेच ऐकलं जे मी वाचलं. तुमची परवानगी नसताना मी तिला तीन पानं वाचून दाखवली. वही परत पाठवतो आहे. ती तुमची आहे. चुलीत घालायची असेल तर घाला. त्याआधी, जिथे मी कागद घातलाय ते, पाय न हलल्याचं, पान कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. भाच्याला अक्षर लागलं नाही तर बोट सुरू झाली की मी येऊन वाचीन.'

शेवटचं वाक्य लिहून तो थांबला. गेल्या वीस वर्षांत तो हॅलमच्या पुढे गेला नव्हता, आणि हिल्मा राहायची ते शहर आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर होतं. ते वाक्य खोडावं का?

"मिस्टर क्विंबी, बारा वाजताहेत," डार्ला म्हणाली.

"एक स्वल्पविराम..."

"तो राहू दे."

खिडकीतल्या बाईने जाड कागद दिला. एमरीने पत्र आणि वही त्यात गुंडाळली, सुतळी बांधली, गाठ डार्लाने मारली. वर पत्ता घातला, तो वाचता येतोय ना, हे त्याने दोनदा पाहिलं, आणि पुडकं खिडकीतून आत सरकवलं. बाईने शिक्का मारला आणि ते पोत्यात टाकलं.